कवठ : एका आंबट फळाची आणि आमच्या गावांची गोष्ट

परवा महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी माझ्या भाचीचा फोन आला. ती कॅनडात सास्काचेवान प्रांतात राहते. हिवाळ्यात तिथं पारा शून्याखाली तीस-पस्तीस अंशांपर्यंत जातो. तिनं घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात आधीच्या मालकांनी लावलेलं सफरचंदाचं झाड होतं. त्याच्या फळांचा शिजवून ठेवलेला गर तिनं त्या दिवशी फ्रीजरमधून काढला आणि तिला माझी आठवण झाली.

"मावशी, हे फळ नुसतं खाल्लं तर दात आंबतात गं. पण साखर घालून शिजवलं की चव बघ! आणि इतक्या बर्फात झाडाला काही होत नाही. आपल्याकडे आहे का असलं काही?"

मला हसू आलं. बाजारातून आणलेली चार कवठं त्या वेळी माझ्यासमोर ओट्यावरच होती. म्हटलं, "अगं, आमच्या बांधावर होतं की! सुट्टीत आलीस की दगडानं फोडून खायचीस. विसरलीस?"

तिला आठवलं. मग तिनं सहज विचारलं, "ते झाड आहे का अजून?"

त्या प्रश्नावर मी काहीतरी दुसरंच बोलून फोन ठेवला. उत्तर इथं देणार आहे, पण शेवटी. आधी कवठाविषयी चार गोष्टी सांगते. आमच्या शिरूर-दौंड भागाचा इतिहास म्हणजे इनाम, लढाया आणि देवळं असं आपण धरून चालतो. एखाद्या झाडालाही इतिहास असतो, हे मला शाळेत शिकवताना कधी सुचलं नाही. निवृत्त झाल्यावर सुचलं. असो.

कवठाला इंग्रजीत 'वूड अॅपल' म्हणतात, म्हणजे लाकडी सफरचंद. नाव चपखल आहे, कारण कवच खरंच लाकडासारखं असतं. पण सफरचंदाशी त्याचं काही नातं नाही. ते लिंबाच्या कुळातलं, बेलाचं भावंड. हिंदुस्थान आणि श्रीलंका हे त्याचं मूळ घर. शास्त्रीय नाव लिमोनिया अॅसिडिसिमा. त्यातल्या दुसऱ्या शब्दाचा अर्थच 'अतिशय आंबट'. पूर्वी त्याला फेरोनिया म्हणत, रोमन लोकांच्या एका रानदेवतेच्या नावावरून. झाड काटेरी, पानं लहान आणि चुरगळली की बडीशेपेसारखा वास येणारी. कवठी चाफ्याला कवठी का म्हणतात? त्याच्या फुलाचा वास पिकल्या कवठासारखा येतो म्हणून. शहरातल्या मुलांना दोन्ही वास माहीत नसतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

फळ पिकलं की नाही हे बाहेरून ओळखता येत नाही. माझ्या सासूबाईंची परीक्षा अशी : कवठ वीत-दीड वीत उंचीवरून फरशीवर सोडायचं. टणकन उसळलं तर कच्चं. जागच्या जागी थांबलं तर पिकलेलं. पुढे एका इंग्रजी फळशास्त्राच्या पुस्तकातही हीच परीक्षा दिलेली वाचली आणि सासूबाईंना सांगितली. त्या म्हणाल्या, "मग त्या सायबाला कुणी सांगितलं आसंल?"

आता ओट्यावरून जरा मागे जाऊ.

संस्कृतात कवठाला कपित्थ म्हणतात. कपी म्हणजे माकड. माकडं ज्यावर बसतात ते, अशी फोड शिक्षक मंडळी सांगत आली आहेत. आपल्या घराघरात हा शब्द रोज उच्चारला जातो, पण लक्ष नसतं. गणपतीच्या ध्यानाचा जो श्लोक लहान मुलांनाही पाठ असतो, त्यात देवाला आवडणारी दोन फळं सांगितली आहेत, कपित्थ आणि जंबू. म्हणजे कवठ आणि जांभूळ. मोदक पुढचे. रानातली ही दोन फळं आधीची. गंमत म्हणजे गणेशचतुर्थीला वाहायच्या एकवीस पत्रींची जी रूढ यादी आहे, तिच्यात बेल आहे, बोर आहे, डाळिंब आहे, पण कवठ नाही. फळ हवं, पानाचं काही नाही.

आमच्या भागाला अष्टविनायकांचा शेजार आहे. रांजणगावचा महागणपती शिरूर तालुक्यातच आहे. सिद्धटेक भीमेपलीकडे कर्जत तालुक्यात असलं तरी जायचं दौंडवरूनच. माझं माहेर दौंड तालुक्यातलं. आम्ही लहानपणी होडीत बसून भीमा ओलांडायचो आणि सिद्धिविनायकाला जायचो. तेव्हा हा श्लोक मोठ्यानं म्हणत असू, पण कपित्थ म्हणजे आपल्या शेतातलंच फळ हे कुणी सांगितलं नाही. मी बीएला मराठी घेतलं तेव्हा शब्दाची व्युत्पत्ती शिकताना ते कळलं आणि वर्गातच मला सिद्धटेकची होडी आठवली.

पुढे लग्न होऊन शिरूर तालुक्यात आले. शाळेत भूगोलाचा तास माझ्याकडे असे. तालुक्याचा नकाशा फळ्यावर काढताना एक दिवस लक्षात आलं, की तालुक्याच्या वायव्येला कुकडी नदीच्या बाजूला दोन गावं आहेत. एक कवठे येमाई, दुसरं जांबूत. कपित्थ आणि जंबू! श्लोकातली दोन फळं नकाशावर शेजारी शेजारी. मुलांना सांगितलं तर ती टाळ्या वाजवायला लागली. कुणी ठरवून ही नावं ठेवली असं माझं म्हणणं नाही. त्या मातीत ही झाडं होती, माणसं ती ओळखत होती आणि गावाला नाव ठेवायची वेळ आली तेव्हा तीच जवळची वाटली, एवढंच मला त्यातून दिसतं.

मग आम्ही त्या तासाला झाडांची गावंच शोधली. शिरूर तालुक्यात बाभुळसर, पिंपरखेड, निमगाव म्हाळुंगी, चिंचोली मोराची. (चिंचोलीला मोर बघायला लोक येतात, पण चिंचा आधीच्या.) दौंड तालुक्यात बोरीपार्धी, बोरी भडक आणि बोरीबेल. बोरीबेलच्या नावात तर मला बोर आणि बेल एकत्रच ऐकू येतात. ही यादी नीट वाचा. बाभूळ, पिंपळ, कडुनिंब, चिंच, बोर, बेल, कवठ, जांभूळ. यात एकही लाडावलेलं झाड नाही. सगळी पाठीवर ऊन घेऊन उभी राहणारी, बहुतेक पाण्याविना निभावणारी. सह्याद्रीच्या आडोशाला असलेला हा अवर्षणाचा पट्टा. इथं पाऊस ढगातून वाकुल्या दाखवून पुढे जातो. अशा ठिकाणी गावाचं नाव कुठल्या झाडावरून पडावं हेही पाऊसच ठरवतो.

कवठाची गावं आणखीही आहेत. सांगली जिल्ह्यात कवठे महांकाळ आणि कवठे एकंद. पहिलं पुन्हा दुष्काळी भागातलंच. आमच्या कवठे येमाईचं नाव तमाशाच्या रसिकांना वेगळ्या कारणानं ठाऊक आहे. लोकशाहीर बशीर मोमीन यांनी गावाचं नाव आपल्या नावाला जोडलं आणि ते मोमीन कवठेकर झाले. वगनाट्यं, गवळणी, लावण्या असं कितीतरी त्यांनी तमाशा फडांना लिहून दिलं. २०२१ साली ते गेले. फळाचं नाव गावाला आणि गावाचं नाव शाहिराला, असा हा प्रवास.

सगळ्यात जुनं कवठाचं गाव मात्र आपल्याकडे नाही, माळव्यात आहे. सहाव्या शतकातला ज्योतिषी वराहमिहिर स्वतःचा संबंध कपित्थक नावाच्या गावाशी सांगतो. उज्जैनजवळचं कायथा हेच ते कपित्थक, असं अभ्यासक मानतात. भीमबेटकाची चित्रं जगापुढे आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर यांनी तिथं प्रथम उत्खनन केलं. नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे अन्सारी आणि ढवळीकर तिथं खणायला गेले. आणि हेच दोघं हसमुख सांकलियांबरोबर आमच्या तालुक्यात इनामगावला आले! घोड नदीच्या काठच्या इनामगावचं उत्खनन १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं चाललं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात तिथं वस्ती होती. लोक बार्ली म्हणजे सातू पिकवत, नदीचं पुराचं पाणी पाटानं वळवत, चौकोनी घरांत राहत. मग हवामान कोरडं होत गेलं. चौकोनी घरं जाऊन गोल झोपड्या आल्या, शेती आटली, माणसं गुराढोरांच्या आणि शिकारीच्या आधारावर राहू लागली आणि शेवटी गाव सोडून गेली. ढवळीकरांनी हवामानावर बोट ठेवलं आहे.

मी मुलांना घेऊन ती जागा बघायला गेले होते. मुलं म्हणाली, "बाई, इथं काहीच नाही." मला मात्र वाटलं, इथं आमच्या भागाची सगळी गोष्ट आहे. पाणी असलं की माणूस चौकोनी घर बांधतो. पाणी गेलं की त्याला रान आठवतं.

आता वराहमिहिराची एक गंमत. त्याच्या बृहत्संहितेत झाडांच्या निगेविषयी एक प्रकरण आहे, वृक्षायुर्वेदाचं. त्यात कवठासाठी खास कृती दिली आहे. निरनिराळ्या मुळ्या दुधात उकळायच्या, ते दूध निववायचं, त्यात कवठाचं बी शंभर टाळ्या वाजवायला लागतील एवढा वेळ ठेवायचं, मग महिनाभर उन्हात वाळवायचं, मग खास तयार केलेल्या खड्ड्यात लावायचं. असं केलं की म्हणे कवठाचा चक्क वेल होतो आणि बघता बघता मांडव झाकून टाकतो. हे काही खरं होणार नाही. पण मला त्यातला माणूस दिसला. ज्याच्या गावाचंच नाव कवठ, त्याला हे झाड किती सावकाश वाढतं हे चांगलं माहीत असणार. पंधराशे वर्षांपूर्वीसुद्धा माणसाला कवठाची वाट बघणं जड जात होतं!

कारण कवठाचं खरं दुखणं तेच आहे. बी लावून वाढवलेलं झाड निदान पंधरा वर्षं फळ देत नाही. कलम केलं तर लवकर धरतं, पण आमच्याकडे कवठाचं कलम कोण करणार? म्हणजे जो लावतो त्यानं स्वतःसाठी लावायचं नाहीच. संस्कृतात एक प्रसिद्ध सुभाषित आहे. एक पिंपळ, एक कडुनिंब, एक वड, दहा चिंचा, कवठ-बेल-आवळा अशी तीन आणि पाच आंबे लावणाऱ्याला नरक बघावा लागत नाही, असा त्याचा अर्थ. त्या यादीतही कवठ आहेच. इतकी सावकाश येणारी झाडं माणसानं लावावीत म्हणून पूर्वजांना नरकाचं भय घालावं लागलं, असं मी मुलांना सांगायची.

भाचीच्या सफरचंदाकडे परत येते. फोननंतर मी त्याची माहिती काढली. तिच्या झाडाची जात 'हेयर बारा', असं तिला शेजारणीनं सांगितलं होतं. ती सास्काचेवानमधल्याच हेयर नावाच्या गृहस्थानं निवडलेली. त्याच्याही आधी, १८८६ साली कॅनडा सरकारनं प्रायोगिक शेतांची व्यवस्था सुरू केली. तिचे पहिले प्रमुख विल्यम सॉंडर्स. त्यांनी सैबेरियातल्या बोराएवढ्या रानटी सफरचंदाचा संकर नेहमीच्या सफरचंदाशी केला. हेतू एकच, त्या बर्फाळ माळरानावर तगून राहील असं फळझाड हवं. फळ आंबट का असेना, शिजवून खाता येईल. ज्या मुलखात सफरचंद जगणारच नाही असं म्हणत, तिथं घरामागे सफरचंदं उभी राहिली.

आपल्याकडे असं झालंच नाही असं नाही. पुण्यात गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी १९३६ साली आळंदी जातीच्या डाळिंबातून 'गणेश' ही जात निवडली. पुढे भगवा आलं. आज आमच्या भागातल्या कितीतरी घरांवर डाळिंबानं स्लॅब टाकले आहेत. चीमांचंच नाव 'चीमा साहेबी' द्राक्षाला आहे. बेलाला आणि जांभळालाही उशिरा का होईना वाली मिळाला. गुजरातेत गोध्र्याच्या केंद्रानं बेलाची 'गोमा यशी' आणि जांभळाची 'गोमा प्रियांका' अशा जाती दिल्या. कवठ या रांगेत फार मागे उभं राहिलं. त्याला बाजार म्हणजे वर्षातून एक महाशिवरात्र. ज्याला बाजार नाही त्याला संशोधक नाही, ज्याला संशोधक नाही त्याला रोपवाटिका नाही, आणि रोपवाटिका नाही म्हणून कुणी लावत नाही. हे चक्र असं पूर्ण होतं.

आणि तरी हे झाड माणसाला उपयोगी किती! गर आंबटगोड, जेली धरायला लागणारं पेक्टिन त्यात भरपूर. खोडातून डिंक निघतो, तो जुने चित्रकार रंगात घालत. श्रीलंकेत गर नारळाच्या दुधात कालवून पितात, फळाला तिथं दिवुल म्हणतात. जावा बेटावर त्याचं सरबत करतात आणि फळाला कविस्ता म्हणतात. कपित्थ शब्द समुद्र ओलांडून तिथवर गेला. ब्रह्मदेशात बायका तोंडाला जो पिवळसर थनाका लावतात, तो काढतात त्या झाडांमध्येही कवठ आहे. भरतनाट्यम् शिकणाऱ्या माझ्या नातीनं एकदा मूठ वळली, तर्जनी अंगठ्यावर मुडपली आणि म्हणाली, "आजी, याला कपित्थ हस्त म्हणतात. लक्ष्मी-सरस्वती दाखवायला." मी तिला ओट्यावरचं कवठ दाखवलं. तिला ते माहीत नव्हतं.

माहेरी असताना महाशिवरात्रीला आम्ही यवतजवळ भुलेश्वराच्या डोंगरावर जायचो. पायथ्याला बायका पाटीत कवठं घेऊन बसलेल्या असायच्या. आई एक घ्यायची. उपवासाची चटणी करायची. कवठाचा गर, तेवढाच गूळ, जिरं, तिखट, मीठ. मिक्सर नव्हता, पाट्यावर वाटायची. सासरी आल्यावर कळलं, की इथं कवठ ही उपवासापुरती चीज नाही. बांधावरच झाड आहे. सासूबाई गर गुळात मंद आचेवर शिजवून बरणी भरून ठेवायच्या.

माझं लग्न १९७१ सालचं. पुढच्याच वर्षी तो दुष्काळ आला. ज्यांनी १९७२ पाहिलं त्यांना सांगायला नको, ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळत नाही. विहिरीचा तळ दिसायला लागला. जनावरं मातीमोल विकली गेली. सासूबाई खडी फोडायच्या कामावर जायच्या. मी तेव्हा शाळेत नव्यानं लागले होते, मुलांना सुकडी वाटायचं काम आमच्याकडे असे. घरी परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी. ती भाकरी घशाखाली उतरत नसे. त्या वर्षी आंब्याला मोहर आला आणि करपून गेला. लिंबं वाळली. पण बांधावरचं कवठ मात्र धरलं. नेहमीपेक्षा फळं लहान होती, पण धरली होती.

आत्याबाई (मी सासूबाईंना आत्याबाई म्हणत असे) रोज एक फोडायच्या. गूळ चिमूटभरच. ती आंबट चटणी मिलोच्या भाकरीला लावून घरातली आठ माणसं जेवायची. कामावर जाताना फडक्यात भाकरीबरोबर चटणी बांधायच्या. तिथं इतर बायकांनाही बोटभर द्यायच्या. मला एकदा म्हणाल्या, "हे म्या लावल्यालं न्हाई बरं का. माझ्या आजेसासूनं लावलं. तिला एक फळ खायाला मिळालं न्हाई म्हणत्यात."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं.

पुढे दिवस पालटले. आमच्या शिवारात कालव्याचं पाणी आलं. बाजरी, मटकी, हुलग्याच्या रानात ऊस उभा राहिला. कुणाला वाईट म्हणू? पाण्यानं घरातल्या पोरांची शिक्षणं झाली, लग्नं झाली, खडी फोडायची वेळ पुन्हा आली नाही. इनामगावच्या माणसांप्रमाणेच आम्हीही पाणी आल्यावर चौकोनी घर बांधलं.

१९९८ साली जमिनीची वाटणी झाली. कवठ नेमकं नव्या बांधावर आलं. भाऊजी म्हणाले, झाडाचा वसवा पडतो, दोन सऱ्या ऊस वाढत नाही. आमच्या ह्यांचंही मत तेच. हिशेब चुकीचा नव्हता. झाडाच्या सावलीत ऊस खुरटतो हे डोळ्यांनी दिसत होतं. वीटभट्टीवाला लाकूड घ्यायला तयार होता. आत्याबाई तेव्हा ओसरीवरच असायच्या, दिसायचं कमी झालं होतं. मी शाळेत निघाले होते. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "तू शिकल्याली हायेस. तू सांग त्यांला. तुझं ऐकत्याल."

मी म्हटलं, "बघते आत्याबाई, संध्याकाळी बोलते."

मी बोलले नाही. वाटणीवरून आधीच घरात शब्द झाले होते. एका आंबट झाडासाठी पुन्हा कुठे तोंड उघडायचं, असं मला वाटलं. शिवाय मनातून मलाही तो दोन सऱ्यांचा हिशेब पटत होता. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. दोन दिवसांनी शाळेतून आले तेव्हा बांध मोकळा होता. त्या आठवड्यात मी सातवीच्या मुलांना 'वृक्ष आपले मित्र' हा निबंध घातला होता आणि गठ्ठा माझ्या पिशवीत होता. आत्याबाईंनी मला काही विचारलं नाही. त्यानंतर त्या तीन वर्षं होत्या. महाशिवरात्रीला बाजारातून कवठ आणलं की हातात घेऊन बघायच्या, वास घ्यायच्या आणि माझ्याकडे परत द्यायच्या.

तर भाचीच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. झाड नाही. ते कुणी परक्यानं तोडलं नाही. आम्हीच तोडलं, आणि जिला अडवता आलं असतं ती मी होते.

संस्कृतात एक न्याय सांगतात, गजभुक्तकपित्थ. हत्तीनं गिळलेलं कवठ. हत्ती कवठ अख्खं गिळतो, आणि बाहेर पडतं तेव्हा कवच जसंच्या तसं असतं, आतला गर मात्र नाहीसा झालेला असतो, अशी समजूत. संपत्ती नकळत कशी जाते याला हा दाखला देतात. मी तो वर्गात बऱ्याचदा दिला. आता वाटतं, तो आमच्या गावांच्या नावांना जास्त लागू आहे. पाटीवर बोरी लिहिलेलं असतं, निमगाव लिहिलेलं असतं. सगळीकडची झाडं गेली असं मी म्हणत नाही, चिंचोलीला चिंचा आहेत. पण कितीतरी ठिकाणी नाव शाबूत असतं आणि ज्यावरून ते पडलं ते झाड दाखवा म्हटलं तर म्हाताऱ्या माणसाला शोधावं लागतं.

शिवाय पाण्याचा भरवसा काय? बोअर वर्षागणिक खोल जात आहेत. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारी गावं दोन्ही तालुक्यांत अजून आहेत. पाणी सरलं की पुन्हा रान आठवायची पाळी येईल. त्या दिवशी बांधावर काही उभं असायला हवं, आणि ते पंधरा वर्षं आधी लावलेलं असायला हवं. दुष्काळ दिसायला लागल्यावर कवठ लावून उपयोग नसतो.

२०१९ च्या महाशिवरात्रीला मी चटणी केली, तेव्हा बिया टाकल्या नाहीत. धुऊन, सावलीत वाळवून पिशव्यांत लावल्या. शंभर टाळ्या काही वाजवल्या नाहीत! नऊ उगवल्या. चार पहिल्या उन्हाळ्यात गेल्या, दोन शेळीनं खाल्ल्या. उरलेल्या तीनपैकी एक पुतण्याला विचारून जुन्या बांधाच्या टोकाला लावलं. तो हसला, "काकू, याला फळ कधी यायचं?" मी म्हटलं, "तुझ्या पोरांना विचार." पण त्यानं स्वतः खड्डा घेतला, आणि आता उसाला पाणी सोडताना त्यालाही एक वळण देतो, हे मी बघितलं आहे.

झाड आता माझ्या डोक्याच्या थोडं वर गेलं आहे. काटे भरपूर, पान चुरगळलं की तोच वास. फळ धरेल तेव्हा मी पंचाऐंशीच्या घरात असेन, किंवा नसेन. आत्याबाईंच्या आजेसासूची मला आता रोज आठवण येते. तिचं नावही घरात कुणाला माहीत नाही. दुष्काळात आठ माणसांच्या भाकरीला तिनं चव दिली, एवढी एकच गोष्ट तिच्याविषयी उरली आहे, आणि तीही आता इथं लिहिली म्हणून.

माझ्या नातेवाइकांना आणि हे वाचणाऱ्या ब्लॉगर मित्रमैत्रिणींना एक विनंती. तुमच्या गावात, शेतात, देवळामागे कवठाचं झाड उभं असेल तर कोणी लावलं ते घरातल्या थोरांना विचारा आणि मला कळवा. पुढच्या महाशिवरात्रीला चटणी केली तर बिया फेकू नका. तीन-चार कुंडीत टाकून ठेवा. रोप झालं की जागा सापडते.

आणि चटणीत गूळ जरा सढळ हातानं घाला. आता दुष्काळ नाही.